हिरडीतलं औषध

श्रीरंग सेलूकर संभाजीनगरच्या बसस्थानकात गाड्यांची घोषणा करायचे. बायको, रत्नमाला, वर्षभर अंथरुणाला खिळून होती, मग गेली. त्या वर्षात त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तेरावा झाला आणि ते ड्यूटीवर हजर झाले.

एका सकाळी कन्नडची गाडी पुकारताना समोरचा दात हलला. हातातल्या कागदावर रक्त पडलं.

"साहेब, हिरड्या लई सुजल्यात," शेजारच्या टेबलावरचा राजकुमार म्हणाला. "दुखत नाय का?"

दुखत होतं की नाही, त्यांना सांगता येईना. राजकुमारनंच त्यांना दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सावनींनी हिरडी दाबली तर पू आला. "दात नि हिरडीच्या मधे आठ मिलीमीटरची फट पडलीय काका. आतून साफ करते. मग तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं. त्यातल्या प्लेटलेटची जेली होते. तिच्यात अँटिबायोटिक मिसळून फटीत ठेवते. औषध तिथंच हळूहळू सुटत राहील आणि हिरडी भरून यायला जेलीची मदत होईल."

"ठेवा," श्रीरंग म्हणाले.

नर्सनं संमतीचा कागद पुढं केला. जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, रत्नमाला. मग सावकाश एक रेघ मारली आणि खाली पुण्यातल्या मुलीचं नाव लिहिलं, चारुता. सावनींनी ते पाहिलं.

हातातून रक्त काढलं. मशीन घरघरत राहिलं. थोड्या वेळानं सावनींनी चिमट्यात पिवळसर, थरथरता गोळा धरून दाखवला.

"हे माझं?"

"हो, तुमचंच."

त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं. दोन टाके पडले. त्या दुपारी अर्धा ओठ बधिर असतानाच ते घोषणेला बसले. राजकुमारनं माईक काढून घेतला, तोही त्यांनी घेऊ दिला.

तीन महिन्यांनी सावनींनी पुन्हा माप घेतलं. फट चार मिलीमीटरवर आली होती, दात घट्ट बसला होता.

"वाचला की काका दात!" त्या खुशीत म्हणाल्या.

"बरं झालं."

बाहेर हातगाडीवरून त्यांनी पेरू घेतला. कठड्यावर बसून समोरच्या दातांनी चावला, सगळा खाल्ला. तेवढ्यात चारुताचा फोन आला. दात वाचला, आत्ताच पेरू खाल्ला, असं त्यांनी सांगितलं.

"पेरू खाल्लात? गोड होता?"

श्रीरंग हातातल्या देठाकडं बघत राहिले. त्यांना आठवेना.