साडूभाऊंचा गुडघा आणि माझी पोटदुखी

माझ्या साडूंचा पाय मी मोडला, तेव्हा तो पाय पलंगाला टेकून उभा होता आणि साडूभाऊ न्हाणीघरात अंग पुसत होते.

मोडायचा म्हणून मोडला नाही हो. मला फक्त गुडघा बघायचा होता. साडूभाऊंना सरकारकडून नवा पाय मिळाल्याची बातमी आमच्या हिने आणली, ती अशा सुरात, की जणू मी इतकी वर्षं तिला जुन्याच पायांवर वागवत होतो. "जिना चढताना गुडघा म्हणे आपोआप वळतो. तुमचा वळतो का?" माझाही वळतो, पण आधी कुरकुर करतो. तेव्हा रविवारी सकाळी मी सहज म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि पाय एकटा सापडला. मांडीवर घेतला. पुढे वळवला, मागे वळवला, आणि उत्साहाच्या भरात ज्या बाजूला कुठलाच गुडघा वळत नाही त्याही बाजूला वळवून पाहिला.

कट्.

"काय मोडलं?" न्हाणीघरातून आवाज आला.

"कुठे काय? काही नाही."

"त्या 'काही नाही'वर मी चालतो, साहेब."

साडूभाऊ एवढंच बोलतात. लष्करात ते रसदीचा ट्रक चालवायचे. एका कच्च्या रस्त्यावर ट्रकखाली सुरुंग फुटला आणि उजवा पाय मांडीपासून गेला. डाव्या हाताची बोटं आहेत, पण मिटत नाहीत. कोणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं : "गाडी पंक्चर झाली."

आता अशा माणसाबद्दल वाईट वाटायला हवं. मला वाटायचंही, वर्षातून दोनदा वगैरे. उरलेले दिवस माझ्या पोटात दुखायचं.

कारणं ऐका. बँकेसमोर त्यांच्यासाठी जागा राखलेली, पांढरे पट्टे आखून, वर पाटी लावून. मी त्याच बँकेला तीन प्रदक्षिणा घालतो आणि शेवटी घरीच गाडी लावून चालत येतो. त्यांच्या न्हाणीघरात सरकारी माणसांनी येऊन भिंतीला चकचकीत दांडे बसवले, बसायला घडीची बैठक बसवली. आमच्या न्हाणीघरात धरण्यासारखी एकच वस्तू आहे, नळ, आणि तो धरला की हातात येतो. पण या सगळ्यावर कडी म्हणजे कपड्यांचा भत्ता. पायाच्या सांध्याला घासून पँट झिजते, म्हणून दरवर्षी कपड्यांसाठी वेगळी मंजुरी! मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं एका खुर्चीवर बसलो. माझ्याही पँटी झिजल्या. कुठे झिजल्या ते सांगत नाही, पण कुठल्याही सरकारने कधी चौकशी केली नाही.

हे मी एकदा हिच्याजवळ बोलून दाखवलं. ही म्हणाली, "मग तुम्ही पण सुरुंगावर बसायचं होतं."

तर, पाय मोडला. दुरुस्तीवाल्याने सुटा भाग मागवावा लागेल म्हणून आठ दिवस सांगितले. जुना पाय नव्याच्या बदल्यात सरकारजमा झाला होता. आणि चारच दिवसांवर, गुरुवारी, साडूभाऊंची माजी सैनिकांच्या कार्यालयात वैद्यकीय तपासणी होती. आठ दिवस ऐकून धाकटी, म्हणजे माझी मेहुणी, साडूभाऊंची बायको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजू लागली.

ती तपासणी होती मदतनिसाच्या खास भत्त्यासाठी. ज्याला रोजच्या कामांत दुसऱ्याचा हात लागतो, त्याला पेन्शनवर हा वेगळा मिळतो. धाकटी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. साडूभाऊ घरी आले तशी ती नोकरी सोडून बसली. आता सहा वर्षांनी शाळेने तिला पुन्हा बोलावलं होतं, महिनाअखेर काय ते कळवा म्हणून. भत्ता मिळाला तर सकाळ-संध्याकाळ माणूस ठेवता येणार होता आणि ती कामावर जाणार होती. नाही मिळाला, तर शाळा दुसरी कोणी बघणार. आणि पायाविना गुरुवारची तारीख चुकली, तर पुढची महिनाअखेरनंतरच. साधा हिशेब होता, आणि मी त्यात पाय घातला होता.

"पाय यांनी मोडलाय ना?" आमच्या हिने निकाल दिला. "मग आठ दिवस हेच पाय."

सोमवारपासून मी पाय झालो. सकाळी साडेसहाला हजर. त्यांच्या उजव्या हातात कुबडी, डावीकडे माझा खांदा. डाव्या हाताची पकड नाही, त्यामुळे सगळा भार माझ्यावर, आणि माझा भार माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यावर. ते चकचकीत दांडे मी जवळून पाहिले. त्यातल्या एकाचा रंग मुठीएवढ्या जागेत पार उडाला होता. मंगळवारी साडूभाऊ चहा पिता पिता एकदम थांबले, कपाळावर घाम आला.

"काय झालं?"

"अंगठा दुखतोय."

"कुठला?"

"जो नाही तो."

मी त्यांच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. पण खोटं कशाला सांगू, पोटदुखी थांबली नाही. बुधवारी बँकेत शिपायाने त्यांना रांगेतून पुढे नेलं, मॅनेजर उठून उभा राहिला, चहा आला. मला कोणी विचारलं नाही. मॅनेजर एवढंच म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला उभे राहता का?"

गुरुवारी धाकटीला नेमकं मुख्याध्यापिकाबाईंनी भेटायला बोलावलं. जाताना तिने मला दारात गाठलं. "भाऊजी, शर्टाची बटणं तेवढी लावा. त्यांना एका हाताने नाही जमत. ते सांगणार नाहीत, मरतील पण सांगणार नाहीत. तुम्हीच आपलं बोलत बोलत लावून टाका."

मी बोलत बोलत लावली. साडूभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते, परेडला उभे राहावं तसे. मीही कॅलेंडरकडेच बघत होतो. पुरुषाने पुरुषाची बटणं लावताना बघायचं तरी कुठे?

कार्यालयात पुन्हा तेच. त्यांना गादीची खुर्ची, मला भिंत. दोन तासांनी आत बोलावलं. डॉक्टरबाई चष्मा नाकावर ओढून अर्ज वाचत होत्या.

"आंघोळ स्वतः करता?"

"जमतं."

"जेवण?"

"जमतं."

"कपडे घालणं?"

"जमतं."

मी चमकून साडूभाऊंकडे पाहिलं. मान ताठ, नजर समोर. बाई प्रत्येक 'जमतं'ला एक बरोबरची खूण करत होत्या, आणि प्रत्येक खुणेबरोबर धाकटीची शाळा एकेक गल्ली लांब जात होती. यांना कळत नव्हतं असं नाही. पण एका अनोळखी बाईसमोर 'मला जमत नाही' हे तीन शब्द त्या माणसाच्या तोंडून निघत नव्हते.

आणि माझं? सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक भत्ता तरी हुकला. संध्याकाळी ही काही म्हणाली तर म्हणता येईल, बघ, त्यांनाही सगळं मिळत नाही. हा विचार मनात असतानाच माझी नजर त्यांच्या शर्टावर गेली.

शर्टाची एक बाजू वर चढली होती, दुसरी खाली लोंबत होती. मी वरून तिसरं बटण चौथ्या काजात घातलं होतं आणि पुढची सगळी ओळ एकेक घर सरकली होती. हा माणूस, ज्याच्या बुटाला कधी धूळ दिसली नाही, तो दोन तास चारचौघांत तसा बसून होता. त्याला ते दिसत होतं. त्याला ते नीट करता येत नव्हतं. आणि शेजारी उभ्या असलेल्या मला तो सांगत नव्हता.

"बाई," मी म्हणालो, "तो शर्ट बघा."

"साहेब, गप्प बसा," साडूभाऊ दातांतून म्हणाले.

"नाही बसत. बाई, ही बटणं मी लावलीत. चुकलीत. यांना जमत असतं तर दोन तास असे बसले असते का हे? लष्करातला माणूस आहे हा!"

बाईंनी चष्मा काढला. शर्टाकडे पाहिलं, त्या न मिटणाऱ्या बोटांकडे पाहिलं. मग खोडरबर शोधायला लागल्या. सापडलं नाही, तेव्हा त्यांनी तो कागदच बाजूला ठेवला आणि नवा घेतला. "आता परत सुरुवात करू," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी उत्तरं हे देतील."

मी दिली. सगळी. अर्ध्या तासाने बाईंनी सही केली, भत्त्याची शिफारस केली आणि शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही रिक्षाची वाट बघत बसलो. साडूभाऊ रस्त्यावर नजर लावून बसले. माझ्याकडे बघेनात. मला राहवेना. मी सगळं ओकून टाकलं : बँकेसमोरची जागा, न्हाणीघरातले दांडे, माझ्या झिजलेल्या पँटी, आणि आत ते 'जमतं, जमतं' म्हणत असताना मला क्षणभर बरं वाटलं होतं तेसुद्धा. "फार हेवा केला हो मी तुमचा," मी म्हणालो. "अजून करतो. आता बोला काय बोलायचंय ते."

साडूभाऊंनी कुबडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे छाती वळवली.

"आधी बटणं नीट लावा."