मनवाने कोर्टाच्या मॅडमना काय सांगितलं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी आमच्या बालाघाटच्या घरी कोर्टाकडून मॅडम आल्या होत्या. माझी नऊ वर्षांची मुलगी मनवा कुणाकडे राहील हे ठरवण्याआधी कोर्टाला दोन्ही घरांची माहिती हवी होती.

मनवाचे बाबा, नितीन, गोंदियाला असतात. आम्ही वेगळे झाल्यापासून दर शनिवारी मी तिला वाटेतल्या राजेगावपर्यंत सोडते, तिथून ते तिला घेऊन जातात. सुरळीत चाललं होतं... पण यंदा त्यांनी तिला गोंदियाच्या शाळेत घालायचं म्हटलं, मी नाही म्हटलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

वकिलांनी तयारी सांगितली. शाळेचे रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड काढून ठेवा, घर आहे तसंच राहू द्या, आणि मुलीला काहीही पढवू नका. हे शेवटचं मी घरात सोबत असलेल्या माझ्या आईला दोनदा सांगितलं... कारण मी आईला ओळखते.

तिचा जीव टांगणीला लागला होता. "तिले सांगून ठेवाले काहून नाही म्हणून राह्यली तू? पोरगी तिकडं गेली त मंग रडत बसशील!"

मी मनवाला एवढंच सांगितलं, की तुला जसं वाटतं तसं बोल. बाबांबद्दल चांगलं सांगावंसं वाटलं तर तेही सांग, घरात कुणी रागावणार नाही. पण मनात येतच होतं... ती बाबांकडेच राहायचं म्हणाली तर?

मॅडम पुढच्या खोलीत मनवाशी एकट्याने बोलत होत्या. मी आणि आई स्वयंपाकघरात. आमचं घर ते केवढं... सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी विचारलं, "पापा के साथ कैसा लगता है?"

बालाघाट मध्य प्रदेशात, त्यामुळे मनवा बाहेरच्यांशी हिंदीतच बोलते. ती म्हणाली, "आजी ने बोला था, ऐसा बोलना कि पापा दिनभर मोबाइल देखते हैं, मेरे पर ध्यान नहीं देते. पर वो सच नहीं है. पापा मेरे को साइकिल सिखाते हैं."

मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. संपलं, असंच वाटलं मला... आता रिपोर्टमध्ये लिहिलं जाणार, की या घरात पोरीला पढवतात.

"और मम्मी ने क्या बोला था?"

"मम्मी ने बोला, जो लगता है वही बोलना, कोई गुस्सा नहीं होगा." पुढे म्हणाली, "मेरे को यहीं रहना है, मेरी सब फ्रेंड्स यहीं हैं. पर शनिवार को पापा के पास जाना है. वो बंद मत करना."

आई एकदम उठली. मी अडवायच्या आत बाहेर गेलीसुद्धा.

"हौ मॅडम, मीच शिकोलं तिले. इच्या मायनं मना केलं होतं, तरी शिकोलं. पोरगी दूर जाईन म्हणून भेव वाटे मले. चूक माही हाय, या दोघींची नाही."

मॅडमना आमची मराठी किती कळली कुणास ठाऊक... पण त्यांनी आईला हात धरून शेजारी बसवून घेतलं.

नंतर माझी पाळी. मॅडमनी विचारलं, मुलीच्या वडिलांचं चांगलं काय सांगाल? मी म्हटलं, त्यांनी आजवर एकही शनिवार चुकवला नाही, आणि ते तिला कधी खोटा शब्द देत नाहीत. हे बोलताना मला जड गेलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

काल कोर्टात नितीननी रिपोर्ट वाचला, त्यात मनवाचं, आईचं, माझं बोलणं जसंच्या तसं होतं. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, शाळा बालाघाटचीच राहू द्या. शनिवार-रविवार आणि अर्धी उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्याकडे... दोघांनीही सह्या केल्या.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरगी खरं बोलली... अन् तूही."

नवरा-बायको म्हणून आमचं जमलं नाही, ते नाहीच जमलं. पण एवढ्या मोठ्या माणसांच्या भांडणात उभी राहून आमची पोर कुणालाही न दुखवता खरं बोलली. मला तिचा फार अभिमान वाटतो... आणि तिच्या मागोमाग खरं बोलायला उठलेल्या माझ्या आईचाही.