पोत्याच्या भावातली मिरची

मिरचीनं माणूस मरत नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण एका पंगतीला बसलेली सतरा माणसं वाचलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. (डोळ्यांनी म्हणजे एकाच. दुसरा त्या वेळी उघडत नव्हता.)

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या अगदी काठावर. ओढा ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. पाऊस दोन्ही जिल्ह्यांत सारखाच पडत नाही. शाळा मी आठवीत सोडली. म्हणजे खरं तर शाळेनंच मला सोडलं, मी फक्त विरोध केला नाही. मग गावातल्या तात्यांनी मला पार आंध्रात नेलं, त्यांच्या गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे सोनारांचं सोनं गाळून, शुद्ध करून द्यायचं काम. तिथं पहिली दोन वर्षं तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. मला घरची आठवण आली की त्या स्वतःच्या ताटातली भाकरी माझ्या ताटात टाकायच्या. (मला आठवण दिवसातनं दोनदा यायची, जेवायच्या वेळेलाच.) हे उपकार मी विसरलो नाही, आणि सगळा घोटाळा त्यातनंच झाला. मी कृतघ्न निघालो असतो तर आज दोन घरं सुखात असती!

आता काकू गावाकडंच असतात, आणि माझी बायको सुरेखा नि पोरगीही गावाकडंच. मी आंध्रात, दुकानामागच्या खोलीत, इतर चार कारागिरांबरोबर. दोन वर्षांमागं तात्यांनी दुसऱ्या शहरात नवं दुकान काढायचं ठरवलं. दुकान जो सांभाळणार, त्याला वरची स्वतंत्र खोली मिळणार होती. खोलीला मोरी होती, खिडकी होती. मी मनातल्या मनात त्या खिडकीला पडदासुद्धा लावून टाकला होता. बायकोपोरीला आणायचं, पोरीला तिथल्या शाळेत घालायचं!

दुकानाला उमेदवार दोन. एक मी. दुसरा काकूंचा भाचा सुनील, साताऱ्याकडचा. तो बारावी पास होता, आणि तेही पहिल्याच झटक्यात. शिक्षणात मी त्याला गाठणं शक्य नव्हतं. पण तात्या नेहमी म्हणायचे, "जो घरातली काडी वाचवतो, तो दुकानातलं सोनं वाचवतो." मग मी ठरवलं, आपण काडी वाचवून दाखवायची.

त्याच आठवड्यात सुरेखाचा फोन आला. वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, कुटून ठेवायचे दिवस होते.

"आवं, मिरचीचा भाव ऐकलाय का? यंदा निम्मीच चटणी करू म्हणते."

"एक रुपाया खर्चू नको! मी मिरचीच्या मुलखात बसलोय. हिकडनं आणतो."

"तुमी आणणार?"

"मग? मी हाय न्हवं?"

"त्येचंच भ्या वाटतंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी लगेच काकूंनाही फोन लावला. "काकू, यंदा तुमी मिरचीत पैसं घालू नगा. तुमची वर्साची मिरची माझ्याकडं लागली." काकू म्हणाल्या, "लेकरा, कशाला तरास?" तात्या दुकानात माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला त्या नजरेत खोलीची खिडकी दिसली.

दोन घरांना मिळून पंधरा किलो मिरची पुरली असती. पण पोतं होतं पंचवीस किलोचं, आणि पोत्याच्या भावात घेतली तर किलोमागं आणखी स्वस्त! बारीक, काळपट लाल मिरची, थोडी फुटकी. व्यापाऱ्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "हॉटेल के लिए?"

"नहीं, घर के लिए."

त्यानं चष्मा काढला. "भैया, ये खाने का नहीं. ये फॅक्टरी में जाता है, अर्क निकालने को. वो उधर का ले लो."

'उधर का' माल महाग होता. मी मनात म्हटलं, वा रे वा! आठवी नापास दिसतो म्हणून महागातला माल गळ्यात मारतोस काय? मी त्या फुटक्या मिरचीचं पोतंच उचललं. पैसे घेताना त्यानं मला हात जोडले. मला वाटलं, घासाघीस करणाऱ्याबद्दलचा आदर असेल.

पार्सलचं भाडं वाचावं म्हणून पोतं मी एसी बसमध्ये माझ्या पायाशीच घेतलं. काचा बंद, हवा आतल्या आत. तासाभरात पहिली शिंक आली. मग दुसरी. मग अख्खी बस एका तालात शिंकायला लागली. एक बाई ओरडली, "बाई गं, साथ परत आली का काय!" लोकांनी बॅगा उपसून मास्क काढले. कुणी तोंडाला ओढणी बांधली, एकानं लहान पोराचा लंगोट बांधला. ड्रायव्हर गाडी थांबवून मागं आला आणि गरजला, "पोतं कुनाचं हाय?"

मी सगळ्यांत मोठ्यानं विचारलं, "व्हय, कुनाचं हाय रं?"

पण बस निघाल्यापासनंच नाकाला ओला टॉवेल बांधून बसलेला माणूस मी एकटाच होतो. पार्सलचं भाडं दुप्पट बसलं आणि शिव्या फुकट मिळाल्या.

घरी सुरेखानं पोत्यात हात घातला आणि चटका बसल्यागत बाहेर काढला.

"आवं, ह्यात निम्मी ब्याडगी मिसळू या. रंग बी येईल आन् तिखटपना बी मरंल."

"ब्याडगीचा भाव म्हाईत हाय का? रंगाला कशाला पैसं? चटणी खायची हाय का भिताडाला लावायची?"

"बरं, कुटल्यावर चाखून तरी बघू."

"यात्रेच्या नैवेद्याआधी?" मी कानावर हात ठेवले. आमच्यात नवी चटणी देवाला दाखवल्याशिवाय कुणी जिभेला लावत नाही. एरवी मी देवधर्मात फारसा नसतो, पण त्या दिवशी मला अचानक भक्ती आठवली. एकेका माणसाच्या आयुष्यात अशी वेळ येते, की देव मदतीला येत नाही आणि रीत मात्र आडवी येते.

मिरची कुटायला आम्ही डंकावर नेली. डंक म्हणजे लोखंडी मुसळं दणादण आपटून चटणी कुटणारं यंत्र. ते अण्णा चालवतात. दोन्ही घरांचा माल एकत्र कुटला तर मजुरीत सूट, तीही मी मिळवली. अण्णांनी आयुष्यभर मिरची कुटलीय. त्यांच्या डोळ्याला कधी पाणी आलेलं गावानं पाहिलं नव्हतं. मुसळ पडलं. दहाव्या ठोक्याला अण्णा म्हणाले, "लय भारी वास हाय रं." विसाव्या ठोक्याला अण्णा तिथं नव्हते.

डंक चालूच! रांगेतल्या बायका डबे टाकून पळाल्या. शेजारच्या गोठ्यातली शेळी शिंकली. (शेळी शिंकताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती बराच वेळ माझ्याकडंच बघत होती.) बांधावरनं वीस वर्षं बोलचाल बंद असलेले दोन भाऊ एकाच नळावर डोळे धुवायला आले आणि थोरला म्हणाला, "सरक की जरा!" गाव म्हणतं, तेवढं एक सत्कार्य माझ्या हातनं झालं. मी नाक धरून आत गेलो, डंक बंद केला आणि त्याच हातानं डोळा पुसला.

इथवर आल्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं चटणी ओढ्यात सोडली असती. पण पैसे गेलेले, भाडं गेलेलं! मी काकूंचा डबा गच्च भरून स्वतः नेऊन दिला.

यात्रेचा दुसरा दिवस म्हणजे मटणाचा. तात्यांच्या दारात मांडव, आणि समोरासमोर दोन पंगती. एकीकडं तात्या आणि आमची सांगलीकडची माणसं. दुसरीकडं काकूंचे भाऊ, म्हणजे सुनीलचे वडील, रिटायर सुभेदार, शेजारी सुनील, आणि त्यांची साताऱ्याकडची मंडळी. रश्श्याची बादली माझ्या हातात. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या गड्यानं यंदा माझी वर्साची चटणी निम्म्या पैशात करून दिली. जेवनं होऊ द्या, मग दुकानाचं सांगतो." मला रडूच आलं. एका डोळ्यातनं तर डंकावरनं आल्यापासनंच येत होतं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. ब्याडगी नसल्यानं रस्सा फिका दिसत होता, म्हणून रंग यावा यासाठी काकूंनी नेहमीच्या मापावर आणखी दोन पळ्या चटणी घातली होती.

पहिला घास गेला. मांडवात शांतता पसरली. अशी शांतता मी फक्त सोनं मुशीत वितळताना पाहिली आहे.

आता कुणीतरी "तिखट झालंय" एवढं म्हणायला हवं होतं. तीन शब्दांचं काम नव्हतं, दोनच शब्द! पण साताऱ्याच्या माणसाला सांगलीच्या माणसासमोर तिखट लागत नाही, आणि सांगलीच्या माणसाला तर कुणासमोरच लागत नाही. सुभेदारांच्या मिशीवरनं घाम ठिबकला. ते म्हणाले, "दाजी, तुमच्याकडं तिखट जरा कमीच खात्यात न्हवं?"

तात्यांचे कान जांभळे झाले होते. "कोन म्हणतंय? आमास्नी तर ह्ये... अळणीच... लागतंय. वाढ रं सुभेदारास्नी!"

"आदी दाजीस्नी वाढ!"

"पाहुण्याचा मान पैला!"

मी वाढलं. मालकाचा शब्द! सुरेखा चुलीकडनं हातवारे करत होती, "आवं, वाढू नगा!" मी म्हटलं, "त्येच मागत्यात की!" दोन्ही जिल्हे इरेला पेटले होते. एकेक जण चतकोराच्या जागी तीन तीन भाकऱ्या कोंबत होता. भाकऱ्या संपल्या, भात संपला, दही संपलं. कुणी उठेना, कारण जो आधी उठेल त्याचा जिल्हा हरणार!

शेवटी सुभेदारांना उचकी लागली. लष्करी उचकी, थांबायचा हुकूम मानेना. ते उठले तसे सतराच्या सतरा उठले आणि ज्याला जे गार दिसलं तिकडं धावला. एकजण गुळाचा खडा तोंडात धरून मांडवाच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. गल्लीतलं दूध संपलं. मग कुणीतरी यात्रेतल्या गारेगारवाल्याची अख्खी गाडीच दारात ओढून आणली. पैसे मी दिले. मिरचीत वाचलेले, त्यावर पदरचे, आणि त्यावर सुरेखाच्या पाकिटातले.

तात्या दोन हातांत दोन गारेगार घेऊन ओट्यावर बसले होते. दुकानाचं जाहीर करायला त्यांनी तोंड उघडलं, आवाजच नाही! काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझाच हात सैल पडला गं बाई. कुनाचा दोष न्हाई." त्या क्षणी मला त्या जुन्या भाकरीसकट सगळं आठवलं. मी बादली खाली ठेवली आणि म्हटलं, "काकूंचा न्हाई. मिरची माझी. यापाऱ्यानं खायची न्हाई म्हणून सांगितलं हुतं, तरी आणली."

सतरा माणसांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांच्या तोंडात गारेगार होतं, म्हणून मी वाचलो.

तात्यांचा आवाज अकरा दिवस गेला होता. मी आंध्रात परत आलो आणि रोज फोनकडं बघत बसलो. बाराव्या दिवशी फोन आला.

"सुनीलनं त्या दिवशी काय केलं, बगितलंस का?" आवाज अजून घोगराच होता.

"न्हाई, तात्या."

"बोटावर थेंब घिऊन चाखलं, आन् ताट गपचिप बाजूला सारलं. सतरा मानसं जेवत ऱ्हायली, एकटा त्योच जेवला न्हाई. आरं, सोनं गाळनारा तू! कस लावल्याबिगर गुंजभर सोनं घेत न्हाईस, आन् पोतंभर मिरची न चाखता आणलीस?"

मी आठवीपर्यंतची सगळी पुस्तकं मनात चाळली. त्यांत तरी ह्याचं उत्तर आलेलं नव्हतं.

"दुकान सुनीलला दिलंय. तू हाईस तितंच ऱ्हा. आन् काकू इचारत हुत्या, जेवलास का म्हून."

मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. पोरगी अजून फोनवर विचारते, "पप्पा, खिडकीची खोली कवा मिळणार?" मी म्हणतो, "बघू." सुरेखा मागनं म्हणते, "त्येनी बगायला लागलं की मला भ्या वाटतंय."

तात्यांनी मला कामावरनं काढलं नाही, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. फक्त ते फेडायचं मी आता कायमचं बंद केलं आहे. दुकानाच्या बाजारहाटालाही मी जात नाही. परवा बाजार करणारा कारागीर आजारी पडला म्हणून नाइलाजानं टोमॅटो आणायला गेलो. भाजीवालीनं आपण होऊन भाव पाच रुपयांनी कमी केला. माझ्या पाठीला घाम फुटला. मी एक टोमॅटो तिथंच चावून खाल्ला, तिच्या हाता-पाया पडून पूर्ण भाव घ्यायला लावला, आणि वर पाच रुपये जास्तीचे ठेवून पळत सुटलो!