चतुर्दशीची फिरकी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर भांडीच भांडी. सांगलीच्या पेठेतलं अरुंद दुकान, एकावर एक रचलेल्या घागरी, दोरीला टांगलेली पातेली. सकाळचं ऊन आत शिरलं की सगळ्या पितळेला एकदम दिवे लागल्यासारखे दिसायचे. मधोमध गादीवर कल्लाप्पा, डोक्याला काळी टोपी, हातात फडकं. साल शेहेचाळीस. लढाई संपली होती, पलटणीतली माणसं एकेक करून घरी परतत होती. आणि डाव्या अंगानं दुकानात प्रवेश करत होता जोतिबा.

दोघांनी एकाच शाळेत मार खाल्लेला. कल्लाप्पा जैनाघरचा. पाणी गाळून प्यायचा, दिव्यावर चिलट पडू नये म्हणून दिवेलागणीच्या आत जेवायचा. जोतिबा मराठ्याघरचा आणि लहानपणापासून नदीचा वेडा. एकाच्या खिशात फुटाणे, दुसऱ्याच्या खिशात गळ. तरी शाळा सुटली की एकमेकांच्या गळ्यात हात.

इटलीच्या लढाईत जोतिबाच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. तिथल्या इस्पितळात एका गोऱ्या शिपायानं त्याला एक खेळणं दाखवलं होतं. वाकवलेली तार. तिच्या एका टोकाला शिशाचा मणी, गळ आणि लोकरीचा झुपका. दुसऱ्या टोकाला धातूचं छोटं पान. पाण्यातून ओढलं की पान गरगर फिरतं, आणि मरळीसारख्या शिकारी माशाला वाटतं मासोळी पळाली. जोतिबा तिला फिरकी म्हणायचा.

"कल्लू, पितळंचा एक तुकडा दे. करंगळीच्या नखाएवढा. अन् जरा मजबूत तार."

"कशाला?"

जोतिबानं खरं ते सांगितलं. त्याला खोटं बोलता येत नसे. मरळीला जिवंत बेडूक लावायचा, तर दोन बोटांच्या हातातून तो टुणकन उडून जाई. म्हणून आजवर बायको, शालू, बेडूक बांधून देत होती. आता तिला दिवस गेले होते, आणि पोटुशीनं जिवंत जिवाला दोरा बांधायचा नाही म्हणून जोतिबाच्या म्हातारीनं, म्हणजे आई दगडाबाईनं, तिला बंदी केली होती.

"समईला पितळ देईन, घागरीला देईन," कल्लाप्पा म्हणाला. "गळाला न्हाई द्यायचं, जोत्या."

"बेडूक वाचतोय की रं!"

"आणि मरळ?"

जोतिबा हसला, पण पायऱ्या उतरताना त्यानं तो हात धोतराच्या सोग्याखाली झाकून घेतला. कल्लाप्पाला तेवढंच दिसत राहिलं.

मग जोतिबानं बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला, कुंपणाची मऊ तार वाकवली, शालूच्या वेणीच्या गोंड्यातली तांबडी लोकर बांधली. चकाकायला फिरकी झकास. पण पहिल्याच मोठ्या मरळीनं हिसका दिला, तार मोडली आणि गळ घेऊन ती डोहात गेली. जोतिबानं दुकानात येऊन तेही सांगून टाकलं.

पुढं एका सकाळी कल्लाप्पा मळ्याकडं निघाला होता. घाटाजवळ पाणी हललं. मरळ श्वास घ्यायला वर येते, तशी एक वर आली. तिच्या जबड्यातून तांबडी लोकर लोंबत होती. तोंड मिटत नव्हतं. पुन्हा खाली गेली, पुन्हा आली.

त्या दिवशी कल्लाप्पा जेवला नाही.

"आवं, उपास कसला आज?" त्याची बायको त्रिशला म्हणाली. "ना अष्टमी, ना चतुर्दशी."

"गळ जोत्याचा हाय," तो म्हणाला. "पण कच्ची तार माझ्या नकारानं लागली."

दुसऱ्या दिवशी त्यानं जोतिबाला बोलावलं आणि गादीवर सगळं मांडलं, लग्नाचा बस्ता मांडावा तसं.

"पत्रा गंजतो. तो न्हाई. तांबं मऊ, दात लागला की वाकतंय. हा जर्मनच्या पातेल्याचा तुकडा हलका हाय."

"जर्मन नको गड्या," जोतिबा हात वर करून म्हणाला. "तीन बोटं त्यानंच न्हेली."

आत त्रिशला खुदकन हसली. कल्लाप्पानं हसू दाबलं आणि फुटक्या कळशीचं जाड पितळ पुढं सरकवलं. तार त्यानं मिरजेहून आणली होती, सतार करणाऱ्या कारागिराकडून. पोलादी, दुहेरी पीळ दिलेली. जिथं पान टांगायचं तिथं आकड्याऐवजी पुरी बंद कडी केली. मग तार तराजूच्या दांडीला अडकवून तो खाली वजनं लावत गेला. दांडी करकरली, तार हलली नाही.

"आता पाटीवर लिवा," आतून त्रिशला म्हणाली, "मासं धरायचा माल मिळंल."

"विकत न्हाई मी," कल्लाप्पा गंभीरपणे म्हणाला. "जोत्या, तू मासं मारणार, ते माझ्यानं थांबत न्हाई. पण जीव अर्धा सोडायचा न्हाई. आणि अष्टमी-चतुर्दशीला ही फिरकी माझ्या दुकानात राहील. शब्द?"

"शब्द."

तेव्हापासून त्या तिथींना तराजूशेजारच्या खिळ्याला फिरकी लोंबायची. कल्लाप्पा कडी बघायचा, तार ओढायचा, शिळा झुपका बदलायला सांगायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, कानातलं आहे.

उन्हाळ्यात शालू बाळंत झाली. मुलगा झाला, पण तिला दूध येईना. त्रिशलानं अळिवाची खीर पाठवली, मेथीचे लाडू पाठवले. पोर रडून रडून निपचित पडू लागलं. दगडाबाईचं एकच म्हणणं, शालूला मरळीचं कालवण पाजा. भोयांनी जाळी टाकून पाहिली, पण आटलेल्या पाण्यात मरळी डोहातल्या मुळ्यांत शिरून बसलेल्या. तिथं जाळं फाटतं. तिथं फिरकीच चालते.

आणि त्या दिवशी चतुर्दशी होती.

जोतिबा आला, पायरीवर बसला. खिळ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"पोरगं कसं हाय?"

"रडायचं थांबलंय."

कल्लाप्पाच्या हातातलं फडकं थांबलं. "आणि खीर?"

"शालूनं वाटी पुसून खाल्ली. दूध न्हाई." जोतिबा उठला. "चल. उद्या बघू."

"उद्या?"

"आज कसं? शब्द दिलाय म्या."

कल्लाप्पाचं तोंड उपासानं कोरडं पडलं होतं. त्यानं खिळ्यावरची फिरकी काढली. नेहमीसारखी तार ओढून पाहिली, कडी नखानं तपासली, पान फुंकरीनं फिरवलं. पायरी उतरून तो जोतिबासमोर उभा राहिला. जोतिबानं दोन्ही हात मागं घेतले.

"नको, कल्लू. तुझं पुण्य मोडतंय."

कल्लाप्पानं मागं झाकलेला तो डावा हात ओढून पुढं घेतला, दोन बोटांत फिरकी ठेवली आणि आपल्या मुठीनं ती मिटली.

"उपास माझा हाय, जोत्या. शालूचा न्हाई. जा."