दाजींची पेनल्टी
कापराच्या तेलाचा वास आला की मला आमच्या बेटावरच्या पितों गावचं मैदान आठवतं, कारण सामन्याआधी आम्ही सगळे गुडघ्यांना तेच चोळायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी ब्रीझे वेर्दिएर गावच्या मराठी मंडळाशी आमचा फुटबॉलचा सामना असायचा. एका बाजूला उभा ऊस, दुसरीकडे तोडलेला, आणि मधे लाल माती. मी गोलकीपर. त्या वर्षी माझी धाकटी बहीण त्याच गावात दिली होती. आम्ही एका गोलने पुढे होतो, आणि शेवटी त्यांना मिळालेली पेनल्टी मारायला आले ते दाजीच. आमचेच लोक मला मेहुणा म्हणून चिडवत हसायला लागले, “ए बोफ्रेर, जावयाचा मान ठेव हं.” बहीण गोलमागे येऊन हळूच म्हणाली, “दादा, सगळं सासर बघतंय रे. हा एक जाऊ दे.” मी हो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. पण चेंडू सुटल्यावर हलणारा गोलकीपर नेहमी उशिराच पोचतो. म्हणून मारणाऱ्याचा टेकलेला पाय आधीच बघायची सवय गोलकीपरच्या अंगात मुरलेली असते. दाजींच्या डाव्या बुटाचं टोक माझ्या उजवीकडे वळलं आणि मन काही ठरवायच्या आत मी तिकडे झेपावलो होतो. चेंडू छातीशी धरून मातीत पडलो, तेव्हा दाजी हसत हात द्यायला आले. बहीण तोंड फिरवून निघून गेली. घराण्यातला पहिला पदवीधर मी. पुढे शाळेत शरीरशास्त्र शिकवलं, हे सगळं फळ्यावर आकृत्या काढून मुलांना पटवलं. बहिणीला आजही वाटतं, मी मुद्दाम अडवला.