अण्णासाहेबांनी ओतलेला बेड

थेरगावच्या अण्णासाहेबांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मशीनं जुळवली. लोखंडावरून बोट फिरवलं की केसभर उंचवटा कुठं आहे ते त्यांना कळायचं. निवृत्त झाल्यावर एकच ध्यास उरला, स्वतःच्या हातानं लोखंड कोरणारं एक छोटं मिलिंग मशीन बनवायचं.

मशीनचा खालचा भक्कम बैठा भाग म्हणजे बेड. तो ओतीव बिडाचा करून घेणं आवाक्यातलं नव्हतं. म्हणून घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात दगडाची कच कालवून बेड ओतायला घेतला.

पहिल्यांदा दुकानदाराच्या सांगण्यावरून लवकर घट्ट होणारं इपॉक्सी आणलं. मे महिन्याचं ऊन. तासाभरात साच्यातून वाफा आल्या आणि बेडला मधोमध चीर गेली. दुसऱ्या खेपेला सावकाश आळणारं घेतलं, पण ओतलं जास्त. कच तळाशी बसली, वर नुसता चीक. तिसऱ्यांदा कच धुतली, वाळवली, बारीक-जाड बेताने मिसळली आणि दाणे जेमतेम माखतील एवढंच इपॉक्सी घातलं.

कालवलं मात्र दरवेळी उघड्या हातांनी.

"अहो, मोजे घाला की!" त्यांच्या बायको गिरजाबाई करवादायच्या.

"मोज्यातून दाण्याला दाणा भिडलेला कळत न्हाई गं."

तिसरा बेड ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या पापण्या सुजून डोळे मिटले. पेरापेरांवर पाण्याचे फोड आले. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगानं या रसायनाशी वैर धरलंय, काका. ते आता जन्माचं. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

साचा उघडायला शेवटी त्यांची लेक मिनल आली. मास्क, जाड मोजे घालून ती आत गेली. अण्णासाहेब मागच्या अंगणात खुर्चीवर, बोटांना पट्ट्या.

"सुटला का?"

"अलगद सुटला, अण्णा. साच्याला मेण लावलं होतं ना तुम्ही."

"हातोडीनं टकटक कर जरा."

बिडासारखा घणघणला नाही. बद्द आवाज आला. अण्णासाहेबांचा चेहरा क्षणभर उजळला. "असाच पाहिजे. मशीनची थरथर पोटात घेतोय त्यो. आता वरून हात फिरव."

"गुळगुळीत आहे एकदम."

"गुळगुळीत न्हाई विचारलं, बाळा. सपाट हाय का?"

मिनल बेडवर हात ठेवून उभी राहिली. सपाट की खोलगट, ते मोज्यातल्या तिच्या हाताला कळेना. ती दाराशी आली तेव्हा अण्णासाहेब मनगटानं डोळे टिपत होते.

पुढचं मशीन अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेल्या संघर्षनं उभं करायचं ठरलं; कुरुळीत वर्कशॉप चालवणारा तो महिन्याभरानं टेम्पो घेऊन आला. चौघांनी बेड उचलून चढवला.

"मशीन उभं राहिलं की पहिलं तुम्हाला न्यायला येतो, अण्णा."

"भोकं पाडताना धूळ नाकात जाऊ देऊ नको," एवढंच ते बोलले.

टेम्पो गेल्यावर गिरजाबाईंनी ती खोली तीनदा घासून धुतली. तरी अण्णासाहेब पुन्हा कधी तिकडे फिरकले नाहीत.