पाठीवर पिठ्ठू, पोटाशी पोर

नवरा पलटणीत, सासर पारनेर तालुक्यात आणि माझी शाळा जामखेडच्याही पलीकडे. म्हणजे सुट्टीत सासरी जायचं-यायचं तर एस.टी.नं, दोन पोरं घेऊन, मी एकटीच. लेक तेव्हा चार वर्षांची, मुलगा अजून रांगतही नव्हता इतका लहान. नव्वदीतल्या एका उन्हाळ्यात सुट्टी संपत आली आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विषय काढला. "धाकट्याला ऱ्हाऊ दे हितं. दोन-दोन पोरं एकलीला न्हाई झेपायची. मोठा झाला की ने." माया होती, नाही असं नाही. पण अंगावर पिणारं पोर ठेवून जायचं? "आत्याबाई, मी दोघांनाही नेते. एकदा बघा तरी," म्हटलं. "बघू," म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

मग मीही इरेला पेटले. पुण्याच्या जाऊबाईंनी पोरांच्या सामानाला म्हणून झाकणाची प्लॅस्टिकची बास्केट दिली होती, गुलाबी, वर फुलंबिलं. दिसायला झकास! पण गाडीत चढताना एक हात दांडीला, एक लेकीला, मग बास्केट काय दातात धरू? ती मी सरळ फडताळात ठेवून दिली. माळ्यावर नवऱ्याचा जुना पिठ्ठू पडला होता, जवान पाठीला लावतात ती कॅनव्हासची पिशवी. तो घासून धुतला, पट्टे आवळून माझ्या मापाचे केले. तळाला दुपटी आणि मेणकापड, मध्ये दशम्या, वर वाटी-चमचा, लिंबू आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या. पिशव्या लेकीसाठी, कारण गाडी हलली की तिच्या पोटात ढवळायला लागायचं. पाण्याला फिरकीचा तांब्या. त्या वेळच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मेल्या सगळ्या गळायच्या.

पोराला मात्र पोटाशी बांधायचं ठरवलं. आईच्या जुन्या मऊ लुगड्याची रुंद पट्टी, खांद्यावरून घेऊन कमरेला गाठ. माझी आई लोकांच्या रानात खुरपायला जायची ती मला असंच बांधून. आत्याबाईंनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, मास्तरीनबाई हायेस तू! लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत की. असंच बांधलेल्या पोरीची मास्तरीण झालीय."

नगरपर्यंत सोडायला धाकटे दीर आले. स्टँडवर ही गर्दी! जामखेडची पाटी लावलेली गाडी उभी होती आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडत होत्या. ज्याची वस्तू आधी पडेल त्याची सीट, हा आमच्याकडचा कायदाच. घाईत लोक पोरंसुद्धा खिडकीतून आत देत.

"वैनी, पिठ्ठू द्या. रुमालाला कोन विचारतंय?"

"नको हो भाऊजी, पाठीवरचं सामान उतरवायचं नाही असं मी..."

माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी पट्टे ओढून काढले आणि पिठ्ठू खिडकीतून आत भिरकावला. तेवढ्यात कंडक्टर आला, त्यानं जामखेडची पाटी काढली आणि श्रीगोंद्याची लावली! एकच गलका उडाला. अर्धे लोक उतरायला धडपडतायत, अर्धे चढायला. गाडीला आधीच उशीर झालेला, त्यामुळे त्यानं दोनदा घंटी मारली आणि गाडी हलली. माझी सगळी तयारी श्रीगोंद्याला निघाली.

भाऊजी आ वासून उभे. "आयला, गेली!" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

मी कसला विचार करतेय! दोन्ही हात मोकळे होते. एका हातानं लेकीला काखोटीला मारलं, दुसऱ्यानं गाडीचा पत्रा बडवत पळत सुटले. "ओ कंडक्टर! थांबवा गाडी! थांबवा म्हणते ना!" वर्गात पोरांवर ओरडून कमावलेला आवाज होता, कामाला आला. गेटापाशी गाडी थांबली. माणसं सारत आत घुसले तर काय! गाडी खच्चून भरलेली, लोक एकमेकांच्या पायावर उभे, पण पिठ्ठू ठेवलेल्या सीटवर कुणीही बसलेलं नव्हतं.

"या ताई, तुमची जागा धरलेली हाय," शेजारचे फेटेवाले बाबा म्हणाले.

मला हसू आवरेना. पिठ्ठू पाठीला लावला आणि लेकीला घेऊन उतरले. पोटाशी बांधलेला पठ्ठ्या एवढ्या गोंधळात गाढ झोपलेला.

भाऊजी धापा टाकत आले, तोंड एवढंसं झालेलं. "वैनी, खरं सांगू का? आईनं सांगितलं हुतं, नगरपातूर बघ. तिला जड जातंय असं दिसलं तर धाकट्याला माघारी घेऊन ये."

अस्सा राग आला मला! म्हणजे हे सोडायला नव्हे, माझी परीक्षा घ्यायला आले होते. पोराला घट्ट धरलं आणि विचारलं, "मग? काय दिसलं तुम्हाला?"

"काय दिसायचंय? मी धडधाकट गडी जागचा हललो न्हाई. आता कोन्त्या तोंडानं मागू पोराला?"

मग त्यांनीच जामखेडची खरी गाडी शोधली आणि कंडक्टरला तीनतीनदा विचारून आम्हाला बसवून दिलं. संध्याकाळच्या आत दोन्ही पोरं घेऊन मी माझ्या खोलीत पोचले. कुलूप उघडताना माझा ऊर नुसता भरून आला होता.

दिवाळीत पुन्हा सासरी गेले ती मनात धास्ती घेऊनच. सुट्टीभर धाकट्याला ठेवायचा विषय कुणी काढला नाही. निघायच्या सकाळी आत्याबाई धाकट्याला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत आल्या. मी हात पुढे केला तरी देईनात. वाटलं, आता मागतायत. गाडी आली. त्यांनी त्याचा मुका घेतला, त्याला माझ्या हातात दिलं आणि डोळ्याला पदर लावून सोबत आलेल्या शेजारणीला सांगितलं, "आमची सून हाय ती. दोन न्हाई, चार असती तरी एकलीनं नेली असती."